गालाचं माप

जवसाच्या तेलाचा वास आला की मला अजूनही भूक लागते. नागपूरला आमच्या शेजारी एकदा दारांना तेल लावायचं काम निघालं होतं, तेव्हा चार दिवस मी अवेळी पोळी मागत होते आणि सुनेला वाटलं, सासूबाईंचं वय झालं. वय झालंच आहे, पण कारण ते नव्हतं. लहानपणी कलकत्त्याला, बालीगंजच्या आमच्या दोन खोल्यांमध्ये, संध्याकाळी तो वास आधी जिना चढायचा आणि त्याच्यामागून आप्पा चढायचे. शेजारच्या माशीमा दिवेलागणीचा शंख फुंकायच्या, खालून ट्रामची घंटा वाजायची, आणि आप्पा हातपाय धुऊन पाटावर बसले की आई ताटं वाढायची. वरण-भात, पोळी, एखादी पालेभाजी. आईनं कलकत्त्यात तीस वर्षं काढली, पण मोहरीच्या तेलाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. मात्र हिवाळ्यातल्या खजुराच्या गुळापुढे तिनंही हात टेकले होते. आमच्या संक्रांतीच्या गुळपोळ्या त्या नोलेन गुळाच्या असत. तशी गुळपोळी नागपुरात मिळत नाही, आणि पुण्यातही मिळत नाही, हे मी सगळ्यांना ऐकवून झालं आहे.

आप्पा बंदुकांचे दस्ते करत. दस्ता म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकतो आणि ज्यावर गाल ठेवून नेम धरतात. धर्मतळ्याजवळ बंदुकांचं एक जुनं दुकान होतं, त्याच्या मागच्या बाजूच्या कारखान्यात त्यांचं बाकडं होतं. आजोबा नागपूरहून रेल्वेत सुतारकामाला म्हणून आले आणि इथलेच झाले. आप्पांनी सुतारकी पुढे नेली ती अशी. लोखंड विलायतेहून यायचं, अक्रोडाचं लाकूड काश्मीरहून, आणि दोघांचं लग्न आप्पा लावतात, असं आई म्हणायची. लोखंडाला काजळी लावायची, लाकडात बसवून काढायची, जिथे काळा डाग उमटेल तिथे पटाशीनं किंचित खरवडायचं, पुन्हा बसवायचं. असं शंभरदा. त्यामुळे आप्पांची बोटं कायम काळी. "माझ्या डोळ्यांना नाही एवढं काजळ यांच्या बंदुकीला लागतं," असं आई माशीमांना मोडक्या बंगालीत सांगायची आणि दोघी हसायच्या. या माणसानं आयुष्यात एक पाखरू मारलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, "न्हावी प्रत्येक लग्नात असतो, म्हणून तो नवरदेव होतो का?"

बंदूक घरी आणायला अर्थातच मनाई होती. लाकूड आणायला कुणाची हरकत नव्हती. त्यामुळे अर्धे झालेले दस्ते घासायला आणि जवसाचं तेल पाजायला घरी येत, आणि रविवारी सकाळी काचकागदाची खसखस ऐकत मी जागी होई. दहा-बारा वर्षांची असल्यापासून आप्पांनी मला एक खेळ लावला होता. ते म्हणायचे, "कुमे, डोळे मीट. दस्ता खांद्याला लाव. गाल ठेव. आता डोळे उघड. काय दिसतं?" काय दिसतं ते मी सांगायची. आपण बंदुकीकडे वाकून गेलो तर ते माप चुकलं. बंदूक आपल्याकडे आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. छर्र्याच्या बंदुकीला मागचा नेम नसतो, नेम धरणाऱ्याचा डोळाच तो नेम. डोळा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग खाली गेला, तर चाळीस पावलांवर मार अर्धी वीत खाली जातो. माझी मैत्रीण गाण्याच्या क्लासला जायची. मला सूत, इंच आणि गाल हे कळायचं. लग्नाच्या बाजारात याचा उपयोग शून्य, असं आईचं स्पष्ट मत होतं.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत आप्पांच्या बाकड्यावर येणाऱ्या बंदुका बदलायला लागल्या. तोपर्यंत येत त्या शिकारीच्या. आडव्या दोन नळ्या, वजनाला हलक्या, कारण दिवसभर चिखलातून हातात घेऊन हिंडायचं. दस्ता मागे उतरत गेलेला, कारण शिकारी मान ताठ ठेवून चालतो आणि पक्षी कुठूनही उठतो. मग साहेबलोक परत जायला लागले, शिकारीची चैन कमी झाली, आणि शहराच्या दक्षिणेला, टॉलीगंजच्याही पुढे, एका मोकळ्या माळावर बशांची नेमबाजी जोरात आली. बशी म्हणजे डांबर आणि चुनखडीची तळहाताएवढी चकती. खड्ड्यात बसवलेलं यंत्र ती भिरकावतं आणि ती वर चढत लांब पळते. तिथे बंदूक घेऊन हिंडायचं नसतं, एका जागी उभं राहायचं. म्हणून वजन हे ओझं राहिलं नाही, उलट जड बंदूक धक्का कमी देते. बशी नेहमी वर चढते, म्हणून बंदूकही किंचित वर मारणारी हवी, म्हणजे दस्ता उंच हवा. शिवाय बशी लांब जाऊन फुटते, म्हणून नळीचं तोंड आवळलेलं हवं. एकदा एका ज्यूट गिरणीच्या साहेबाची बेल्जियमची बंदूक आली, नळ्या शेजारी-शेजारी नव्हेत तर एकीवर एक, वर उंच पट्टी, मागे रबराची गादी. आप्पा तिच्यावरून बराच वेळ हात फिरवत होते. त्या संध्याकाळी जेवताना ते एवढंच म्हणाले, "बंदुकीनं रान सोडलं. आता ती मैदानावर राहायला आली." मला ते फार आवडलं. जीव न घेणारी बंदूक आपल्या आप्पांच्या हातून होणार, याचा मला मनापासून आनंद झाला होता.

रायबाबू त्यांचे जुने गिऱ्हाईक. हायकोर्टातले निवृत्त वकील, पांढऱ्या मिशा, मऊ आवाज, आप्पांना ते "मिस्त्रीमोशाय" म्हणत. तरुणपणी त्यांनी पाणथळीतली बदकं खूप मारली होती आणि पत्नी गेल्यावर एकदम सोडून दिलं होतं. त्यांच्या दुनळीचा दस्ता आप्पांनी उमेदवारीत केलेला, त्यांचा पहिला मोठा. एका शनिवारी मी डबा घेऊन कारखान्यात गेले असताना आप्पा नेहमीसारखे म्हणाले, "लावून बघ," आणि मी डोळे मिटून बाकड्यावरची रायबाबूंची ती रिकामी बंदूक खांद्याला लावली. रायबाबू दारात उभे होते. "मिस्त्रीमोशाय," ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं बंदूक धरली, मला असं कधी आलं नाही. हिला एकदा बशांच्या मैदानावर आणा." आप्पा हसून टाळतील असं मला वाटलं. ते टाळलं नाही त्यांनी. आई मात्र दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पदर डाव्या खांद्यावरून घट्ट खोच. उजवा मोकळा ठेव."

रायबाबूंच्या जुन्या गाडीतून दर रविवारी आम्ही जाऊ लागलो. काडतूस उडाल्यावरचा तो जळका, कडवट वास, ओल्या गवताचा वास, आणि बशी फुटल्यावर हवेत थोडा वेळ राहणारा काळा धूर. पहिली बशी फुटली तेव्हा मला रडू आलं, का ते सांगता येणार नाही. पण पहिल्या काही आठवड्यांत फुटत थोड्या आणि निसटत जास्त. मी नेम धरायची, चाप ओढायची, बशी तशीच वर जायची. मागून रायबाबूंचा आवाज यायचा, "आबार नीचे, मा." पुन्हा खाली, पोरी. दोष माझा नव्हता. बदकांसाठी उतरता केलेला दस्ता माझा डोळा खाली नेत होता. आप्पांना हे पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण स्वतःच्या पहिल्या दस्त्याला नावं ठेवायला त्यांना श्रावण उजाडला. श्रावणातल्या एका दमट दुपारी त्यांनी मला खिडकीशी उभं केलं, माझ्या गालाचं, मानेचं, हाताचं माप घेतलं, आणि रायबाबूंच्या त्या बंदुकीसाठी दुसरा दस्ता केला, दोन सुतं उंच, माझ्या मापाचा. जुना दस्ता रायबाबूंनी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. त्याच सुमारास त्यांनी एक विलायती माहितीपुस्तक आप्पांना दाखवलं होतं. त्यात बशांसाठीच्या बंदुकांचे दस्ते वरून अगदी सपाट होते, पुढून मागेपर्यंत एका पातळीत. आप्पांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "उतार नाही, डौल नाही. हा दस्ता आहे की पोळपाटाची कड?" त्यांचा दस्ता उंच होता, पण त्याला डौलदार उतार होता. त्या उताराचा मलाही अभिमान होता.

नव्या दस्त्यानं माझ्या पंचवीसपैकी बावीस-तेवीस बशा फुटायला लागल्या. आणि नेमकं तेव्हाच नागपूरहून स्थळ आलं. मुलगा कॉलेजात शिकवणारा, घर चांगलं, माणसं समजूतदार. इतकी समजूतदार, की आप्पांनी पत्रात सगळं खरं लिहिलं तरी नाही म्हणाली नाहीत. ठरलं ते असं: आमच्या मैदानावरच्या जानेवारीच्या स्पर्धेत मी पहिल्या तिघांत आले, तर मला दिल्लीच्या मोठ्या स्पर्धेला पाठवायचं आणि लग्न पुढच्या वर्षी, नाहीतर याच वैशाखात. मला दिल्ली हवी होतीच, पण त्याहून मला ते एक वर्ष हवं होतं. आणखी एक वर्ष रविवार, आणखी एक वर्ष जवसाचं तेल, आप्पांचं "काय दिसतं?" हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. आप्पांना कळलं होतं, कारण त्या दिवसांत ते माझ्याशी कमी बोलायचे.

आईलाही कळलं असावं. माझ्या उजव्या खांद्यावर धक्क्यानं कायम एक निळा डाग असायचा. आंघोळीनंतर तो बघून ती ओठ आवळायची. माशीमांकडून विणकाम शिकून तिनं माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला, आणि कुणालाही न सांगता त्याच्या उजव्या खांद्याला आतून जुन्या साडीची चार पदरी गादी शिवली, गोधडीसारखे टाके घालून. स्वेटर पुरा झाला स्पर्धेच्या आदल्या दिवशी. स्पर्धेच्या सकाळी धुकं इतकं होतं की गाडीसमोरची सायकल दिसत नव्हती. आई त्या दिवशी पहिल्यांदाच मैदानावर आली, गुळपोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन. मी स्वेटर घालून बंदूक खांद्याला लावून पाहिली. एकदम मऊ लागलं. मी तिच्याकडे बघून हसले, आणि तिनं मान डोलावली.

पन्नास बशा होत्या, पंचवीसच्या दोन फेऱ्या. पहिल्या पाचांत माझ्या तीन सुटल्या. मी म्हटलं, धुकं. धुकं विरळ होत गेलं आणि तरी सुटत होत्या. धक्का जाणवत नव्हता, हात स्थिर होता, सगळं बरोबर होतं, आणि बशी माझ्या डोळ्यांदेखत वर निघून जात होती. मागून रायबाबू "आबार नीचे" म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. फेरी संपली तेव्हा माझ्या सतरा झाल्या होत्या.

आप्पा माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, बंदूक हातात घेऊन दस्ता उजेडाकडे धरला. जिथे माझा गाल रोज टेकायचा तिथली तेलाची चमक जराशी मावळली होती. "लाव," ते म्हणाले. मी लावली. त्यांनी काळं बोट माझ्या गालाजवळ आणलं. गाल त्या जागेच्या बोटभर मागे होता. गादीनं बंदूक खांद्यापासून पुढे ढकलली होती, गाल मागे सरकला होता, आणि मागे दस्ता उतरलेला. तो डौलदार उतार. डोळा एक सूत खाली गेला होता.

"स्वेटर काढ," आप्पा म्हणाले.

आई उठून आली. तिनं विचारलं, "काय झालं? टोचतोय का?" मी काढला तेव्हा आतली गादी वर आली आणि आप्पांना दिसली. ते चार पदर त्यांनी बोटांत धरून पाहिले. आईचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे झालं का हे?" ती हळूच म्हणाली.

"नाही," आप्पा म्हणाले. "श्रावणात माप घेतलं मी, नुसत्या ब्लाउजावर. जानेवारीत माणूस स्वेटर घालतो हे दस्ते करणाऱ्याला कळायला हवं. त्या पुस्तकातल्या लोकांना कळलं होतं. मी हसलो त्यांना."

दुसरी फेरी मी पातळ ब्लाउजात झाडली, दातांवर दात आपटत. तेवीस फुटल्या. एकूण चाळीस. तिसऱ्या आलेल्या गृहस्थांच्या एक्केचाळीस होत्या. त्यांनी येऊन माझं कौतुक केलं, माणूस भला होता, मला त्यांचा फार राग आला. परतताना गाडीत आम्ही गुळपोळ्या खाल्ल्या, कारण आईनं एवढ्या मायेनं केलेल्या. आता वाटतं, एका बशीनं काय होतं. पण मी ती एक बशी आयुष्यभर मोजत आले आहे. पहिल्या फेरीतली चौथी. ती डावीकडे गेली होती.

दुसऱ्याच दिवशी आप्पांनी तो दस्ता घरी आणला. त्यांनी त्याचा तो उतार करवतीनं कापून काढला आणि तिथे फिकट अक्रोडाची एक पट्टी सरस लावून बसवली, पुढून मागेपर्यंत एका पातळीत. गाल पुढे राहो की मागे सरको, डोळा तिथेच. पोळपाटाची कड. जुनं लाकूड गडद, पट्टी फिकट, मध्ये सांधा. दिसायला तो ठिगळ लावल्यासारखा दिसायचा आणि आप्पांनी त्याला रंग देऊन लपवायचा प्रयत्नही केला नाही. घरात एकीकडे लग्नाच्या याद्या, पापड, रुखवताची चर्चा, आणि खिडकीशी काचकागदाची खसखस. आई म्हणाली, "अहो, आता कशाला?" ते म्हणाले, "चुकलेलं माप तसंच ठेवून पोरीला घरातून पाठवू?" पट्टी घासताना पडलेला भुसा आईनं कितीतरी दिवस झाडला नाही.

फाल्गुनातल्या एका रविवारी आम्ही शेवटचं मैदानावर गेलो. ऊन चढलं होतं. आप्पांनी मला त्या उकाड्यात स्वेटर घालायला लावला, गादीसकट. बारा बशा स्वेटर घालून, तेरा काढून. आई खुर्चीवर बसली होती, डबा मांडीवर घेऊन, यावेळी त्यात पुरणपोळ्या होत्या. मी घामानं निथळत होते आणि बशा फुटत होत्या. स्वेटर काढला, फुटतच होत्या. पंचवीसपैकी एकच सुटली, तीही शेवटची, कारण मला समोरचं नीट दिसत नव्हतं. रायबाबू म्हणाले, "एबार ठीक, मा." आप्पांनी दस्त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता बरोबर." मग ते आम्हा सगळ्यांना पाठ करून माळाच्या टोकापर्यंत चालत गेले आणि फुटलेल्या बशांचे तुकडे पायानं सारत बराच वेळ उभे राहिले. मी त्यांच्यामागे गेले नाही. जायला हवं होतं.

वैशाखात हावड्याहून मी नागपूरच्या गाडीत बसले. माझा संसार चांगला झाला, हे सांगायला हवं, नाहीतर यांच्यावर अन्याय होईल. यांनी एकदा मला विचारलंही होतं, इथे कुठे मैदान आहे का बघू का म्हणून. मी नको म्हटलं. दुसऱ्याच्या मापाची बंदूक घेऊन पुन्हा खाली मारत बसायचं माझ्यानं झालं नसतं, आणि खरं सांगायचं तर मला बंदूक नकोच होती, मला तो माळ आणि ती माणसं हवी होती. रायबाबू गेले तेव्हा त्यांच्या पुतण्यानं बंदूक विकायला काढली. आप्पांनी कपाटातला तो जुना, बदकांचा दस्ता तिला परत बसवून दिला आणि माझा काढून घेतला. रेल्वेनं लाकडी खोक्यात तो मला आला, भुशात ठेवलेला. सोबत पत्र नव्हतं. लाकडाला परवाना लागत नाही. त्यानंतर दोन पावसाळ्यांत आप्पाही गेले.

तो दस्ता माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या मागे. नातवंडांना वाटतं, आजीकडे कसलातरी मोडका पाय आहे खुर्चीचा. वर्षातून एकदा मी त्याला जवसाचं तेल लावते आणि मग पोटभर जेवते. परवा तेल लावून झाल्यावर घरात कुणी नव्हतं, तेव्हा मी खिडकीशी उभी राहिले, पदर डावीकडे खोचला, डोळे मिटले, दस्ता खांद्याला लावला. सांधा गालाखाली लागला. डोळे उघडले. दात गेलेत, गाल बसलेत. हाड लाकडाला टेकलं तरी डोळा वर येत नव्हता. श्रावण असो की जानेवारी, दस्ता बरोबर होता. आता मीच उतरले होते. काय दिसतं, असं विचारणारं कुणी नाही, तरी मी मोठ्यानं सांगितलं, "आप्पा, पुन्हा खाली जातंय. एक सूत वाढवा."